आतल्या माणसाची साक्ष

गेल्या आठवड्यात तीन रात्री मिळून आम्ही घरात एक माहितीपट पाहिला. विषय होता अलेक्झांडर लित्विनेंको या रशियन गुप्तचर अधिकाऱ्याचा, ज्याचा २००६ साली लंडनमध्ये किरणोत्सारी विष पाजून खून करण्यात आला. दिग्दर्शक आंद्रेई नेक्रासोव हा त्याचा मित्र. खुनाला जेमतेम सहा महिने होतात न होतात तोच, २००७ च्या कान चित्रपट महोत्सवात, हा माहितीपट दाखवला गेला. बोलणे बहुतांशी रशियन भाषेत आणि खाली इंग्रजी अक्षरे, त्यामुळे दर पाच मिनिटांनी चित्र थांबवून पत्नीला आणि औशाहून आलेल्या भाच्याला मराठीत सांगावे लागे, आणि म्हणून एका बैठकीचे काम तीन रात्री चालले.

पहिल्याच रात्री भाच्याने जो प्रश्न विचारला, तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पडद्यावर लित्विनेंको आपल्याच खात्याविषयी शांतपणे सांगत होता, की गुन्हेगारी टोळ्यांना आवर घालण्यासाठी नेमलेली माणसे स्वतःच टोळीसारखी कशी वागू लागली. भाचा म्हणाला, "मामा, ह्यो बी त्यातलाच की. तिथलाच पगार खाल्ला, तिथंच मोठा झाला. मग आता ह्याचं खरं कशाला धरायचं?"

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, देयके, पावत्या आणि त्यावर काढलेले आक्षेप, एवढेच माझे जग होते. भाच्याने विचारलेला प्रश्न त्या जगात मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि, लाज वाटली तरी सांगतो, एकदा तो मी स्वतः एका माणसाला विचारलेला आहे. त्याच्याविषयी पुढे लिहितोच. आधी लित्विनेंकोची हकिकत.

तो १९८८ साली केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेत आला आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिच्या जागी उभ्या राहिलेल्या एफएसबी या संस्थेत काम करत राहिला. नव्वदच्या दशकातला रशिया म्हणजे सरकारी मालमत्ता कवडीमोल भावात खाजगी हाती जाण्याचा आणि प्रत्येक धंदेवाल्याला कोणाचे तरी संरक्षण विकत घ्यावे लागण्याचा काळ. या संरक्षणाला रशियन लोक 'क्रिशा' म्हणतात, म्हणजे छप्पर. ज्याच्या दुकानावर छप्पर नाही त्याचे दुकान जळते, आणि छप्पर देणाराच जाळणारा असतो. आपल्याकडे हप्ता हा शब्द आहे, पण त्यात फक्त पैसा दिसतो. छप्पर या शब्दात तो पैसा देणाऱ्याची असहायताही दिसते. आरंभी ही छपरे गुंडांच्या टोळ्या पुरवत असत. पुढे गणवेशातल्या माणसांनी तो व्यवसाय त्यांच्याकडून काढून घेतला, ही लित्विनेंकोची मुख्य तक्रार होती. संघटित गुन्हेगारीवर काम करताना तपासाचा धागा वारंवार आपल्याच कचेरीत परत येतो, हे त्याने पाहिले होते.

१७ नोव्हेंबर १९९८ रोजी त्याने आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी मॉस्कोत पत्रकार परिषद घेतली आणि बोरिस बेरेझोव्स्की या धनाढ्य उद्योगपतीला ठार मारण्याचा आदेश आपल्याला वरिष्ठांनी दिला होता, असे जाहीर केले. काहींनी चेहरे झाकले होते. लित्विनेंको उघड्या चेहऱ्याने बसला होता. त्या वेळी एफएसबीचे संचालक व्लादिमीर पुतिन होते आणि त्यांना भेटून आपण खात्यातल्या भ्रष्टाचाराची माहिती आधीच दिली होती, असे तो सांगत असे. माहितीपटातला हा भाग मी दोनदा पाहिला. वरिष्ठाला आत जाऊन सांगायचे, तिथे काही होत नाही म्हणून बाहेर येऊन सांगायचे, आणि त्यानंतर आपणच आरोपी ठरायचे, हा क्रम ज्याने सरकारी कचेरीत आयुष्य काढले आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. मार्च १९९९ मध्ये त्याला अटक झाली. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि त्याच न्यायालयाच्या दालनात त्याला पुन्हा पकडण्यात आले. २००० साली तो तुर्कस्तानमार्गे निसटला आणि १ नोव्हेंबरला पत्नी मरीना आणि लहान मुलासह लंडनला पोहोचला.

आता भाच्याचा प्रश्न. लित्विनेंकोच्या अंगावर डाग होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या यंत्रणेवर तो बोट ठेवत होता तिचे मीठ त्याने वर्षानुवर्षे खाल्ले होते. लंडनमध्ये त्याचा खर्च बराच काळ त्याच बेरेझोव्स्कीने उचलला, आणि बेरेझोव्स्की हा पुतिन यांचा उघड वैरी होता. ब्रिटिश गुप्तचर खात्याकडूनही त्याला मानधन मिळत होते, हे त्याच्या पत्नीच्या वकिलानेच २०१२ साली न्यायालयात सांगितले. माहितीपट त्याआधीचा असल्याने त्यात हे येत नाही. नेक्रासोवने आपल्या मित्राकडे मित्राच्याच नजरेने पाहिले आहे, आणि ही या कृतीची ताकदही आहे व उणीवही. ताकद अशी की वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेले निवांत बोलणे त्यात आहे. घाईने घेतलेल्या मुलाखतीत माणूस असा सापडत नाही. उणीव अशी की काही ठिकाणी पुराव्याची जागा विश्वासाने घेतली आहे.

१९९९ च्या सप्टेंबरमधल्या स्फोटांचा भाग हे त्याचे उदाहरण आहे. बुयनाक्स्क, मॉस्को आणि वोल्गोदोन्स्क या शहरांत राहत्या इमारती रात्री किंवा पहाटे उडवण्यात आल्या आणि सुमारे तीनशे माणसे मेली. सरकारने चेचन्या या प्रांतातल्या फुटीर बंडखोरांकडे बोट दाखवले, दुसरे चेचेन युद्ध पेटले, आणि नुकतेच पंतप्रधान झालेले पुतिन त्या लाटेवर राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेले. या स्फोटांमागे खुद्द एफएसबी होती, असा लित्विनेंकोचा दावा होता. २२ सप्टेंबरला रियाझान शहरात एका इमारतीच्या तळघरात रहिवाशांना संशयास्पद पोती सापडली, स्थानिक पोलिसांनी ती स्फोटके म्हणून जाहीर केली, आणि दोन दिवसांनी एफएसबीचे तत्कालीन प्रमुख निकोलाय पात्रुशेव यांनी तो सरावाचा भाग होता आणि पोत्यांत साखर होती, असा खुलासा केला. लेखापरीक्षक म्हणून मी एवढेच म्हणेन की असा खुलासा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो 'अमान्य' असा शेरा मारून परत पाठवला असता. पण खुलासा अमान्य करणे वेगळे आणि आरोप सिद्ध होणे वेगळे, आणि या दोहोंमधले अंतर माहितीपट फार चटकन ओलांडतो. ते अंतर ओलांडू शकली असती अशी स्वतंत्र चौकशी रशियात होऊच दिली गेली नाही, हाही माझ्या मते एक पुरावाच आहे, मात्र तो कशाचा, हे सांगताना शब्द तोलून वापरले पाहिजेत.

ज्या भागाविषयी शब्द तोलण्याची गरज उरलेली नाही, तो म्हणजे खुद्द खून. ७ ऑक्टोबर २००६ रोजी अॅना पोलितकोव्स्काया या पत्रकार महिलेला मॉस्कोत तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. माहितीपटात तीही बोलताना दिसते, आणि ती व लित्विनेंको दोघेही आता नाहीत हे ठाऊक असताना ते पाहणे कठीण जाते. त्या खुनाबद्दल लित्विनेंकोने लंडनमध्ये भर सभेत पुतिन यांना जबाबदार धरले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तोच, १ नोव्हेंबरला, म्हणजे लंडनमध्ये पाऊल ठेवल्याला बरोबर सहा वर्षे होत असताना, मेफेअर भागातल्या मिलेनियम हॉटेलात आंद्रेई लुगोवोई आणि दिमित्री कोवतून या दोन रशियन परिचितांसोबत तो टेबलाशी बसला. किटलीत आधीच ओतलेला हिरवा चहा होता. त्याने तीन-चार घोट घेतले. चहा गार होता आणि त्यात साखर नव्हती, असे त्याने पुढे रुग्णालयातल्या खाटेवरून पोलिसांना सांगितले.

विष होते पोलोनियम-२१०. त्यातून निघणारे अल्फा कण कागदानेही अडतात, त्वचेतूनही पार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ते सापडत नाही आणि नेणाऱ्याला फारसा धोकाही होत नाही. मात्र पोटात गेले की माणूस आतून जळत जातो. डॉक्टरांना आधी थॅलियम या दुसऱ्याच विषाचा संशय होता. खरे नाव हाती आले ते मृत्यूच्या काही तास आधी. २३ नोव्हेंबरच्या रात्री तो गेला. आणखी काही तास उशीर झाला असता तर कदाचित हे प्रकरण अज्ञात आजार म्हणून बंद झाले असते.

मारणाऱ्यांनी ज्या गुणासाठी हे विष निवडले त्याच गुणाने त्यांचा घात केला, कारण पोलोनियम जिथे जाते तिथे खूण ठेवते, आणि काय शोधायचे हे एकदा कळले की ती खूण पुसता येत नाही. हॉटेलच्या खोल्या, उपाहारगृहे, कचेऱ्या, विमानातल्या जागा, फुटबॉलचे मैदान, चहाची किटली आणि कोवतूनच्या खोलीतल्या बेसिनचे नळकांडे, अशा सगळ्या ठिकाणी तपास करणाऱ्यांना त्याचे अंश मिळाले. १६ ऑक्टोबरच्या बैठकीतल्या टेबलावरही ते मिळाले, म्हणजे विष देण्याचा प्रयत्न आधीही एकदा झाला होता. कोण, कोणत्या दिवशी, कुठे बसले होते, याचा तो खाडाखोड न करता येणारा हजेरीपटच होता. आयुष्यभर बनावट हजेरीपट तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला खरा हजेरीपट कसा असतो, हे या वयात कळले.

आणि म्हणूनच तो माणूस आठवला. नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या एका तालुक्यात रोजगार हमीच्या कामांचे लेखे तपासत असताना तिथलाच एक लिपिक रात्री विश्रामगृहावर मला भेटायला आला. पाझर तलावाच्या कामाचे हजेरीपट त्याच्याच अक्षरात होते. जी जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेली होती, ती त्याच आठवड्यांत इथे मुरूम उचलताना हजर दाखवली आहेत, आणि अंगठे कोणाकोणाचे आहेत तेही मला ठाऊक आहे, असे तो म्हणाला. मी त्याला विचारले, "हे सगळे तुम्हीच लिहिले ना? मग तुमचे खरे का धरू?" तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, माझं खरं धरू नका. मुकादमाची वही बघा."

मी वही पाहिली. आठ गावांतल्या मुकादमांच्या उचलीच्या वह्या आणि हजेरीपट तारखेवार शेजारी ठेवले, आणि तो म्हणत होता त्यातले अक्षरही खोटे निघाले नाही. आक्षेप मी सविस्तर लिहिला आणि त्याचे नाव अहवालात कुठेही येऊ दिले नाही. तरीही ते पंधरा दिवसांत फुटले. कुठून फुटले याचा मी शोध घेतला नाही, आणि तो घ्यायला हवा होता, ही बोच आजही आहे. पहिली कारवाई त्याच्यावरच झाली, कारण अक्षर त्याचे होते. ज्यांच्या सांगण्यावरून त्याने ते लिहिले त्यांच्याकडून वर्षभर फक्त खुलासे येत राहिले. त्याच्या जिवाला कोणी हात लावला नाही, पण दोन एकर जमीन वकिलांच्या फीपायी गेली आणि गावात त्याच्याकडे पाहण्याची लोकांची नजर कायमची बदलली.

नाव फुटण्याचे परिणाम आपल्या देशाने याहून भयंकर पाहिले आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरले, आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. अशा माणसांच्या संरक्षणासाठी संसदेने केलेल्या कायद्यावर मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षे उलटली तरी निघाली नाही.

आतल्या माणसाच्या साक्षीची चीड सत्तेला बाहेरच्याच्या टीकेपेक्षा अधिक का येते, याचे उत्तर शोधायला आम्हा लातूरकरांना रशियापर्यंत जावे लागत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करत होता. आमच्या घरातली वडीलधारी माणसे त्याचे नाव घेताना आवाज खाली आणत. हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांचे अत्याचार थांबावेत, असे 'इमरोज' या उर्दू दैनिकातून निर्भयपणे लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री हल्ला झाला. त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांचा लिहिता हात तोडण्यात आला. संस्थानातले हिंदू पुढारी हेच म्हणत होते आणि त्यांचाही छळ होतच होता, पण ज्यांच्या नावाने आपण राज्य करतो असे रझाकार सांगत होते, त्याच समाजातला एक मुसलमान संपादक उर्दूतून तेच लिहीत होता, हे त्यांना सोसले नाही. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तोच, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आम्ही दरवर्षी झेंडावंदन करतो, पण शोएबुल्ला खान यांचे नाव भाषणात क्वचितच निघते. लुगोवोई आणि कोवतून यांना ज्यांनी धाडले त्यांचीही चीड याच जातीची असावी, असे मला वाटते. खात्याच्या शत्रूला तुरुंगात टाकता येते, पण खाते सोडून गेलेला माणूस बोलू लागला की मागे राहिलेल्या प्रत्येकाला तसे बोलता येते हे कळते.

माहितीपट २००७ साली थांबतो, म्हणून तिसऱ्या रात्री पुढचे मी तोंडी सांगितले. ब्रिटनने लुगोवोईला ताब्यात मागितले. रशियाने आपला नागरिक परक्या देशाच्या स्वाधीन करता येत नाही असे घटनेचे कारण देऊन नकार दिला, आणि त्याच वर्षी लुगोवोई रशियन संसदेत निवडून गेला. दोघांनीही आरोप शेवटपर्यंत फेटाळले. कोवतून २०२२ साली मरण पावला. ब्रिटिश सरकारचे वागणेही अभिमानास्पद नव्हते. मृत्यूची न्यायालयीन तपासणी करणारे न्यायमूर्ती रॉबर्ट ओवेन यांनीच जाहीर चौकशी आयोगाची मागणी केली, कारण त्याशिवाय गोपनीय पुरावा ऐकता येत नव्हता. ती २०१३ साली सरकारने नाकारली, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा विचार त्या नकारामागे होता हे मान्यही केले. मरीना उच्च न्यायालयात गेली. तिथे सरकारला फेरविचार करायला सांगण्यात आले आणि २०१४ च्या जुलैमध्ये आयोग जाहीर झाला.

ओवेन यांचा अहवाल २१ जानेवारी २०१६ रोजी आला. त्यातले दोन शब्द मी भाच्याला मुद्दाम समजावून सांगितले. लुगोवोई आणि कोवतून यांनीच विष दिले, याबद्दल न्यायमूर्तींनी 'खात्री आहे' असे लिहिले. ही एफएसबीची मोहीम असून तिला पात्रुशेव आणि राष्ट्राध्यक्ष पुतिन यांची संमती होती, याबद्दल मात्र 'बहुधा' असे लिहिले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो 'बहुधा' अनेकांना पुळचट वाटला. मला त्या एका शब्दामुळे पूर्ण अहवाल विश्वासार्ह वाटला, कारण जिथे पुरावा कमी पडतो तिथे थांबणारा माणूसच जिथे पुरावा पुरेसा आहे तिथे खात्री म्हणू शकतो. लित्विनेंको स्वच्छ होता का, हा प्रश्न त्या अहवालाने सोडवला नाही, आणि सोडवण्याची गरजही नव्हती. त्याचे शब्द किटलीशी, टेबलाशी आणि विमानाच्या आसनांशी ताडून पाहिले गेले, जसे त्या लिपिकाचे शब्द मुकादमाच्या वहीशी ताडता आले. भाचा ऐकत होता. पटले की नाही, ते त्याने सांगितले नाही.

२१ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या खुनाला रशिया जबाबदार असल्याचा निकाल दिला. खटल्यात मरीनाचे आडनाव कार्टर आहे. लंडनमध्ये सुरक्षिततेसाठी या कुटुंबाने ते घेतले होते. नवऱ्याच्या मृत्यूपासून या निकालापर्यंत जवळपास पंधरा वर्षे गेली, आणि वडील गेले तेव्हा बारा वर्षांचा असलेला मुलगा तोवर सत्तावीस वर्षांचा झाला.

पत्नीने या सगळ्या न्यायालयांविषयी काही विचारले नाही. तिने विचारले, त्याला गावी नेले का. मी म्हणालो, नाही, देहातच किरणोत्सार असल्यामुळे शिशाचे अस्तर लावलेल्या शवपेटीत लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्याला पुरले. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तो घरात बसून बोलतो तो सुरुवातीचा भाग पुन्हा लावा. मी लावला, आणि या वेळी मध्ये न थांबवता, मराठीत काही न सांगता, आम्ही तिघांनी तो शेवटपर्यंत ऐकला.